‘प्रीमियम म्हणजे आठ रुपये जास्त’ : पेट्रोलपंप मालकांना खुलं पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले सर्व पेट्रोलपंप मालक, आणि तेल कंपन्यांचे या भागातले विक्री अधिकारी

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो. पंपावर उभं राहून हे बोलायला गेलं की मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो आणि समोरचा पोरगा ‘काका, कार्ड की कॅश’ एवढं विचारून मोकळा होतो. म्हणून लिहायला बसलो.

पस्तीस वर्षं मी मिरकरवाडा बंदरात होड्यांची इंजिनं उघडली आणि बसवली. म्हणजे माणूस डिझेलचा. पेट्रोलशी संबंध फार तर स्कूटरपुरता. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या भाच्याने नवी गाडी घेतली. जुनीला जो भाव मिळत होता तो ऐकून त्याला अपमान वाटला, आणि त्याने ती मला आणून दिली. ‘‘मामा, तुमच्या हाताखाली तरी राहील.’’ २०१० ची स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, म्हणजे टर्बोवालं पेट्रोल इंजिन. आमच्या घरात पहिल्या दिवसापासून तिचं नाव ‘टर्बो’ पडलं. सौ. अजूनही ‘तुमची ती टर्बी’ म्हणते, तेही फार प्रेमाने नाही.

या गाडीने मला म्हातारपणी शाळेत घातलं. पहिला धडा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. पिवळट पडलेलं स्टिकर, त्यावर ‘९५’, मग एक तिरकी रेघ, मग ‘९१’. पुस्तिका काढून बघितली. त्यात खुलासा होता की ९५ आरओएनचं, म्हणजे ९५ ऑक्टेनचं, पेट्रोल घाला. ९१ चालेल, पण ताकद जरा उतरेल आणि पेट्रोल जरा जास्त जाईल. त्याच्याही खालचं घालायची वेळ आलीच, तर इंजिन मध्यम फिरवत, भार न देता, हळूहळू जा. इतकं साधं, सरळ लिहिलेलं. मला वाटलं, झालं, आता पंपावर जायचं आणि ९५ मागायचं.

तिथेच गाडं अडलं.

‘‘याचा ऑक्टेन किती?’’ मी विचारलं.
‘‘प्रीमियम आहे काका.’’
‘‘हो, पण प्रीमियम म्हणजे किती?’’
‘‘आठ रुपये जास्त.’’

पोराचा दोष नाही. त्याला जे शिकवलंय ते त्याने सांगितलं. मॅनेजरकडे गेलो, त्यांनी ‘‘चांगलं असतं ते, इंजिन साफ ठेवतं’’ असं सांगितलं आणि चहा मागवला. चहा चांगला होता. आकडा काही मिळाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, आकड्याचं एवढं काय? तर आंब्याच्या पेट्यांची गोष्ट सांगतो.

गेल्या मे महिन्यात लेकीकडे कोल्हापूरला निघालो होतो. डिकीत हापूसच्या सहा पेट्या, मागे सौ. आणि दोन नाती. साखरपा सोडलं, आंबा घाट सुरू झाला. पुढे चिऱ्याने भरलेला ट्रक, दुपारचे दोन. ट्रक थोडा बाजूला झाला तसा मी चौथ्या गिअरमध्येच पाय दाबला. डिझेलची सवय, गिअर उतरवायचा कंटाळा. आणि बॉनेटखालून आवाज आला. पत्र्याच्या डब्यात मूठभर कुळीथ घालून डबा हलवावा तसा. दोन सेकंद वाजला आणि बंद झाला. पण त्यानंतर गाडीची जी ओढ गेली ती थेट वर पोहोचेपर्यंत परत आली नाही. नात म्हणाली, ‘‘आजोबा, गाडी दमली.’’

गाडी दमली नव्हती, घाबरली होती. हे मला नंतर कळलं.

डिझेल इंजिनात इंधन नुसत्या दाबाने पेटतं. तेच त्याचं काम आणि त्यासाठीच आम्ही आयुष्यभर नोझल आणि टायमिंग बघत आलो. पेट्रोल इंजिनात मात्र दाबाने पेटणं हा गुन्हा आहे. तिथे ठिणगी पडल्यावरच पेटायचं, आणि ज्योत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिस्तीत जायची. पण ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपलं आपणच भडकलं, की पिस्टनवर हातोडा बसतो. तोच माझा कुळिथाचा आवाज. गॅरेजवाले त्याला नॉकिंग म्हणतात. अशा आपोआप भडकण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० धरलं, एन-हेप्टेनला ०, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं ते प्रयोगशाळेतल्या एका सिलिंडरच्या खास इंजिनवर चालवून बघतात. म्हणजे ऑक्टेन जास्त म्हणून पेट्रोलमध्ये ताकद जास्त, असं काही नाही. ते फक्त जास्त सोशिक असतं. ताकद इंजिनाने काढायची, पेट्रोलने फक्त वेळेआधी पेटायचं नाही.

आता यात टर्बो कुठे आला? साध्या इंजिनात हवा आपली आपण आत जाते. टर्बोवाल्यात ती बाहेरूनच दाबून कोंबलेली असते, आणि दाबलेली हवा तापते. मधे इंटरकूलर बसवतात, तो ती थोडी निववतो, पण घाटात गाडी रांगत असेल तर त्याच्यावर वारा तरी कुठून येणार? माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन ९.६ ला १, कागदावर फार वाटत नाही. पण तिचा २५० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, १५०० आरपीएमलाच येतो. म्हणजे इंजिन जेमतेम चालत असतानाच टर्बो पुरता जोर लावतो. त्या वेळी ज्योतीला पळायला वेळ भरपूर आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला भडकायलाही वेळ भरपूर. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबणारा म्हातारा भेटला की झालंच.

त्यात आपण समुद्रसपाटीला. डोंगरावर हवा विरळ असते, तिथे साध्या इंजिनाला कमी ऑक्टेन पुरतं. आपल्याकडे हवा भरगच्च, आणि मे महिन्यात तापलेली. आणि इथून कुठेही जायचं तर चढच. आंबा, कुंभार्ली, करूळ, फोंडा, आंबोली. कोकणातून बाहेर पडायचा सपाट रस्ता असेल तर मला दाखवा. म्हणजे खरं तर ऑक्टेनचा आकडा सगळ्यात जास्त कुठे कामाचा असेल तर तो घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पंपावर.

आमच्या एमआयडीसीत एक मूळचा कुडाळचा पोरगा आहे, गॅरेज त्याचं. त्याने डॅशबोर्डखाली एक डोंगल लावला आणि मोबाइलवर आकडे दाखवले. सिलिंडरच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. तो ठोका ऐकतो आणि गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे ढकलतो. ठिणगी उशिरा, तर ठोका बंद. पण ताकद गेली, पेट्रोल जास्त गेलं आणि अर्धवट जळलेली आग एग्झॉस्टमधून टर्बोपर्यंत पोचली, ती वेगळी. जुना टर्बो, पंधरा वर्षांचा. त्याच्या बेअरिंगला हे रोज किती दिवस सोसणार?

त्याने प्लग बदलले. इनलेट व्हॉल्व्ह काढून दाखवले, त्यावर डांबरासारखा थर. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारतात, व्हॉल्व्हवरून ते जातच नाही, त्यामुळे ते धुतलेही जात नाहीत. थर साफ केला. गाडी सुधारली. मग पुढचे दोन महिने मी एक खेळ केला. तोच घाट, तोच गिअर, तेवढीच माणसं, आणि पेट्रोल तीन वेगवेगळ्या पंपांचं. एका टाकीला ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे जायचं, दुसऱ्या टाकीला सहा-सात अंश. हवामान रोज सारखं नव्हतं, हे मान्य. माझी वही म्हणजे काही प्रयोगशाळा नाही. पण साध्या पेट्रोलच्या एका टाकीत आणि दुसऱ्या टाकीत एवढा फरक पडावा, आणि त्यांतल्या एकाही नोझलवर आकडा नसावा? पोरगा म्हणाला, ‘‘गाडी बरी आसा काका. तिका जेवाण बरां घाला.’’

जेवण बरं घालायचं तर ताटात काय आहे ते कळायला हवं ना?

इथे खरा गुंता सुरू होतो, आणि हे मी विशेष करून अधिकारी मंडळींना विचारतोय. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पेट्रोलचा आरओएन किमान ९१ ठरलेला होता, प्रीमियमचा ९५. हे समजलं. मग इथेनॉल आलं. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्केवालं पेट्रोल बाजारात आलं, आणि २०२५ मध्ये ते सगळीकडे झालं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला की साधं पेट्रोल पूर्वी ८८ होतं, बीएस-६ च्या प्रदूषण-नियमांसाठी ९१ झालं आणि २० टक्के इथेनॉलमुळे आता ९५ पर्यंत गेलंय. इथेनॉलचा ऑक्टेन १०८.५ च्या आसपास आणि पेट्रोलचा ८४.४, हेही त्यांनीच सांगितलं.

बरं. मंत्रालय म्हणतं ते प्रत्येक नोझलला लागू असेल, तर माझ्या झाकणावरचा ९५ मला साध्या पेट्रोलमध्येच मिळतोय. मग प्रीमियम ९५ साठी मी आठ रुपये जास्त कशाचे देतो? साफसफाईच्या औषधाचे? असेल, तर तसं लिहा. व्हॉल्व्हवरच्या थराला त्याचा उपयोग नाही, इंजेक्टरला होईल, एवढा हिशोब माझा मी करीन. आणि एखाद्या पंपावरचं साधं पेट्रोल किमान ९१ च्या जवळचंच असेल, तर माझी गाडी घाटात का घाबरते ते कळलं. दोन्हीपैकी खरं काय, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघायचा, घनता मोजून मागायची, पाच लिटरचं माप लावायला सांगायचं, हे ग्राहकाचे हक्क मला पाठ आहेत. पण यातल्या कशातूनही ऑक्टेन कळत नाही. तो कागदावर मिळतो नाहीतर प्रयोगशाळेत. कागद तुमच्याकडे येतो, माझ्याकडे नाही.

आणि इथेनॉलची दुसरी बाजू तुम्हाला ठाऊक आहेच. माझ्या गाडीला ज्या ऑक्टेनची भूक आहे, तो तिला अशा ताटात वाढलाय जे तिला पचत नाही. १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचं रबर आणि पाइप २० टक्के इथेनॉल सोसतील असे बनवलेत. माझी २०१० ची. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून गाडी जास्त पिते. जुन्या चारचाकींना ६ ते ७ टक्के फटका बसेल असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं. माझ्या वहीत घाट धरून साडेअकराचं ॲव्हरेज होतं, आता पावणेअकरा. म्हणजे आराखडा लिहिणाऱ्यांचं गणित पक्कं. तेव्हा इथेनॉल वाईट, असं मी म्हणत नाही. ठोका थांबवायला ते पेट्रोलपेक्षा उजवं, शिवाय बाष्प होताना हवा गार करतं. टर्बोवाल्याला तर वरदान. पण किती आहे ते सांगा. वीस आहे तर वीस लिहा.

मध्येच एक सांगून टाकतो, माझ्यासारखे जुन्या टर्बोवाले हे वाचत असतील म्हणून. अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेलं वाचून ‘माझ्या इंजिनाला ९१ पुरतं’ असं समजू नका. त्यांच्या पंपावरचा ९१ म्हणजे आरओएन आणि एमओएन या ऑक्टेनच्या दोन मापांची सरासरी. आपल्या मापात तो ९५-९६ च्या घरात जातो. त्यांचा ८७ म्हणजे आपला ९१-९२. माझ्या भाच्याने याच घोळात पाच वर्षं गाडीला उपाशी ठेवली. आणि १०० चं पेट्रोल? मुंबई-पुण्याकडे मिळतं, दीडशेच्या पुढे भाव आहे. कारखान्यातून आली तशी गाडी असेल तर ९५ च्या पुढचा बराचसा ऑक्टेन वाया जातो. ठिणगी किती पुढे घ्यायची याला कॉम्प्युटरची मर्यादा असते. ज्यांच्या झाकणावर ९८ लिहिलंय त्यांनी घ्यावं. नाहीतर अर्धी टाकी ९१ आणि अर्धी १००, ढोबळ हिशोबाने ९५ होतात. ती बाटलीतली ऑक्टेन वाढवणारी बूस्टर औषधं घेण्याआधी लेबल वाचा. त्यांचा एक पॉइंट पुष्कळदा ०.१ चा असतो, म्हणजे ‘पाच पॉइंट वाढतात’ तेव्हा ९१ चा ९१.५ होतो. आणि गिअर उतरवा. मी पन्नास वर्षांची सवय मोडली, तुम्हीही मोडा. तिसऱ्यात अडीच हजारावर चढलेली गाडी चौथ्यात दीड हजारावर कण्हणाऱ्या गाडीपेक्षा सुखी असते.

आता पावसाळा. हा भाग मालकांसाठी.

जुलैत चार दिवस असा पाऊस लागला होता की अंगणातली विहीर काठोकाठ भरली. पाचव्या दिवशी उघडीप मिळाली म्हणून गाडी काढली, एका पंपावर पंचवीस लिटर भरलं, आणि तीन किलोमीटरवर गाडी आचके देऊन बंद. टोचन लावून गॅरेजला नेली. पोराने टाकीच्या तळातून पेट्रोल काढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि कट्ट्यावर ठेवलं. चहा पिईस्तोवर बाटलीत स्पष्ट रेघ उमटली. वर पिवळसर पेट्रोल, खाली चार बोटं ढगाळ पाणी. बोटाने हलवलं की क्षणभर दूध, पुन्हा रेघ.

खालचं नुसतं पाणी नव्हतं. इथेनॉल पाण्याला धरतं, काही मर्यादेपर्यंत पोटात घेतं. ती ओलांडली की पेट्रोलची सोबत सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. म्हणजे खालच्या थरात पाणी आणि इथेनॉल, आणि वर उरलं ते इथेनॉल गेलेलं पेट्रोल. मंत्रालयाचाच आकडा घ्या. ज्याच्या जिवावर ९५ म्हणायचं तो १०८.५ वाला तळाला गेला, तर वर उरलेल्याचा ऑक्टेन कुठे येऊन थांबला असेल? तळाचं पाणी काढून टाकल्यावर गाडी चालू झाली, पण गॅरेजसमोरच्या लहानशा चढावर पहिल्यांदाच कुळीथ वाजले, तेही तिसऱ्या गिअरमध्ये. टाकी पूर्ण रिकामी करून धुतली तेव्हा कुठे शांत झाली.

त्यानंतर मी बाजारातून शंभर मिलीचं काचेचं मोजपात्र आणलं. पन्नास मिली पाणी, पन्नास मिली पेट्रोल, तोंड दाबून हलवायचं आणि पडवीत, चुलीपासून लांब, दहा मिनिटं ठेवायचं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं, आणि पाण्याची रेघ पन्नासवरून जेवढी वर चढेल तेवढ्याची दुप्पट म्हणजे अंदाजे इथेनॉलचे टक्के. माझी रेघ साठाच्या जरा खाली थांबते. म्हणजे वीस टक्के बरोबर. हे मी साठीनंतर, चष्मा कपाळावर ठेवून, माझ्या घरच्या पडवीत करू शकतो. तुमच्या ऑफिसात टेबलाच्या कोपऱ्यात असं एक पात्र का ठेवू नये? एखादा ग्राहक वाद घालायला आला तर त्याच्यापुढे करून दाखवा. पुढच्या वेळी तो दोन गाड्या घेऊन येईल.

मालकांची अडचण मला कळत नाही असं नाही. आपल्याकडे पंपाचं पोट डिझेलवर भरतं, ट्रक, एसटी आणि होड्या. पेट्रोल घेतात त्या बाइक आणि रिक्षा. प्रीमियम मागणारे माझ्यासारखे चार डोकं फिरलेले, शिवाय गणपतीला मुंबईहून येणारे. टँकरचा एक कप्पा प्रीमियमने भरून आणायचा आणि तो दोन-दोन महिने जमिनीत पडून राहायचा, हे कुणाला परवडणार? आणि पडून राहिलेलं प्रीमियम हेही काही अमृत नव्हे, बरसातीत तर नाहीच. पण मग ‘स्टॉक संपला’ची पाटी लावा, त्यात लाज कसली? माझ्या ओळखीच्या एका पंपावर प्रीमियमच्या नोझलवर गोणपाट टाकलेलं असतं, त्यामुळे निदान घोळ होत नाही. दुसरीकडे नोझल चकचकीत, आत काय आहे आणि कधी आलं ते देवाला ठाऊक. टँकर कधी आला याची तारीख खडूने फळ्यावर लिहायला खर्च किती येतो? मासळी बाजारात कोळीण सांगते, ‘‘आजची हाय, कालची नाय.’’ तुम्हीही तेवढंच सांगा.

युरोपात २०१८ पासून प्रत्येक नोझलवर गोल चिन्हात ई५, ई१० असं, म्हणजे इथेनॉल जास्तीत जास्त किती टक्के ते, लिहिणं सक्तीचं आहे, आणि तसंच चिन्ह नव्या गाडीच्या झाकणावर. अमेरिकेत पंपावर पिवळ्या चौकोनात काळ्या अक्षरात ऑक्टेन लिहावाच लागतो. आपल्याकडे पंपावर देवाची तसबीर असते, धूम्रपान निषिद्ध असतं, मोबाइल निषिद्ध असतो, हवा फुकट असते, आणि जी वस्तू मी शंभराच्या वर भाव देऊन घेतो तिचा आकडा तेवढा नसतो. काही ठिकाणी ई२० चं स्टिकर दिसायला लागलंय, ते चांगलंच. पण माझ्या फिरण्यातल्या एकाही साध्या नोझलवर ऑक्टेन लिहिलेला मला आढळलेला नाही.

आमच्याकडे रिफायनरी हवी की नको यावरून घरटी दोन मतं आहेत. नाणारला २०१९ मध्ये विषय बंद झाला, बारसूला २०२३ मध्ये परत पेटला. भावाभावांत बोलणं बंद झालं. वर्षाला सहा कोटी टनांचा प्रकल्प, सौदीची कंपनी, अबुधाबीची कंपनी, एवढं सगळं आमच्या चहाच्या टपरीवर पोरांना तोंडपाठ. पण आपण रोज टाकीत घालतो त्या पेट्रोलचा ऑक्टेन किती, हे त्याच टपरीवर विचारलं तर सगळे माझ्याकडे बघतात. हा दोष आमचाही आहे. आम्ही विचारलंच नाही कधी.

तर आता विचारतो. साध्या आणि प्रीमियम, दोन्ही नोझलवर दोन आकडे लिहा : आरओएन किती, इथेनॉल किती. मराठी आकड्यांत, हाताएवढ्या अक्षरात, म्हणजे चष्मा न लावता दिसेल. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तो कागदोपत्री द्यावा, नुसतं ‘प्रीमियम’ आणि ‘सुपर’ नको. नोझल धरणाऱ्या पोरांना एवढं शिकवा की टाकीचं झाकण उघडल्यावर आतलं स्टिकर बघायचं आणि विचारायचं, ‘‘काका, तुमच्या गाडीवर ९५ लिहिलंय, कुठलं घालू?’’ हे वाक्य त्याला आठ दिवसांत येईल. आणि जो पोरगा हे विचारील त्याच्याकडे लोक पुन्हा येतील. जून ते सप्टेंबर रोज सकाळी टाकीतल्या पाण्याची तपासणी तुम्ही करताच. ती डिपपट्टी आणि त्यावरची पाणी दाखवणारी पेस्ट बाहेर, लोकांना दिसेल अशी करा. आणि ज्यांच्या पंपावरून गाडी थेट घाटाला लागते, साखरपा, चिपळूण, वैभववाडी, कणकवली, सावंतवाडी, त्यांनी तरी प्रीमियमची एक टाकी सुरू ठेवावी, गणपती आणि मे महिन्यात भरलेली. बाकीच्या महिन्यांत नसेल तर ‘नाही’ म्हणा. रागावणार नाही.

येत्या शनिवारी लेकीकडे जायचंय. काट्यावर टाकी पाव उरलीय, नातींनी कुळथाच्या पिठीची फर्माईश केलीय आणि सौ.ने डिकीत नारळ भरायला सुरुवातही केलीय. सकाळी सातच्या सुमारास साखरप्याच्या अलीकडे कुठेतरी थांबेन. झाकण उघडून ठेवीन.

आपला,
एक जुना इंजिनवाला, रत्नागिरी

ता. क. : जुलैत ज्या पंपावर पाणी आलं, त्याचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. मालक दुसऱ्या दिवशी स्वतः गॅरेजवर आले, बाटली हातात घेऊन उजेडात धरली, काही बोलले नाहीत. पंचवीस लिटरचे पैसे आणि टोचनचं भाडं टेबलावर ठेवलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या टाकीच्या झाकणाभोवती नवा सिमेंटचा कट्टा झाला होता, चांगला वीतभर उंच. मी आता तिथेच भरतो. आकडा तेवढा अजून नाही.